खालच्या ओळी

कारखान्यात त्याला सगळे होयबा म्हणत. हे नाव त्याच्या पाठीमागेच घेतलं पाहिजे असं काही नव्हतं. समोर घेतलं तरी चालून जायचं, कारण त्याला ते ऐकूच येत नसे. अर्थात हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. लोकांना वाटे, माणूस कोडगा आहे, मनाला लावून घेत नाही.

कारखाना थंड पेयांच्या बाटल्या भरायचा. उमेदीची सगळी वर्षं त्याने बाटल्या धुण्याच्या यंत्रावर काढली. काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींना धडका देत दिवसभर पुढे सरकायच्या आणि त्या खणखणाटात तोंडाने बोलण्यात अर्थ नसायचा. माणसं हातांनी बोलत. मूठ वर केली की पट्टा थांबव. तळहात खाली दाबला की वेग कमी कर. दोन बोटं कातरीसारखी हलवली की बाटली फुटलीय, काचा आहेत. कपाळावर हात आडवा धरला, टोपीच्या कडेसारखा, की साहेब आले. तिथे कान शाबूत असलेला माणूस आणि कान गेलेला माणूस एकाच मापाचे. त्यामुळे आपले कान नेमके कधी गेले हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मग बढती मिळाली आणि पंचाईत झाली. माल रवाना करण्याच्या विभागात त्याला काचेची छोटी खोली, टेबल आणि दोन फोन मिळाले. तिथे सगळं काम बोलण्याचं. फोन वाजला की तो हातातलं पेन दाखवून मदतनीस बाईंना खूण करायचा, की तुम्ही घ्या, मी लिहितोय. समोर कोणी आलं की चेहरा बघायचा आणि चेहऱ्यावर प्रश्न दिसला की म्हणायचा, "हो." हो म्हटलं की बहुतेक वेळा निभावतं. मॅनेजरसाहेब त्याच्यावर खूश होते. असा कधीच न नडणारा माणूस त्यांना त्या खुर्चीवर आजवर मिळाला नव्हता.

सांगून का टाकलं नाही, तर त्याला एक कारण होतं. यंत्रावर असताना बाटल्यांना झाकणं बसवणारा एक म्हातारा होता, ठार बहिरा. जेवणाच्या सुट्टीत लोक त्याच्यासमोर बसून आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. म्हातारा "काय? काय?" करत कान पुढे करायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. होयबाही हसला होता. तेव्हापासून "काय?" हा शब्द आपल्या तोंडून निघू द्यायचा नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

घरी वेगळंच. बायको लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. दिवसभर घसा फोडून घरी आली की ती अगदी हळू बोलायची, निम्मं बोलणं तर ओट्याकडे तोंड करून. एकुलती एक लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, ती बोलायची फोनच्या पडद्याकडे बघत. दोघींच्या मते घरातल्या पुरुषाचं लक्ष नसतं. हे दोघींनी कधीच मान्य करून टाकलं होतं, जसं नळाला सकाळी पाणी कमी येतं हे मान्य केलं होतं.

त्या वर्षी लेक सायकलवरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर. परीक्षेचं पुढचं पुढे बघू, पण तिचं खरं दुःख निराळं होतं. जादूगार, राक्षस, पडके किल्ले आणि भलंमोठं जंगल असलेला एक व्हिडिओ गेम ती कधीची मिळवायला बघत होती, तो नेमका त्याच आठवड्यात तिच्या हाती आला. आणि त्याचा कंट्रोलर धरायला दोन हात लागतात.

"बाबा, हात दे जरा," ती एका संध्याकाळी म्हणाली.

त्याने हात पुढे केला. तिने त्यात कंट्रोलर ठेवला. "मी सांगते तसं करायचं. बस."

"हो," तो म्हणाला.

सुरुवातीलाच गेमने नायकाचं नाव विचारलं. ते प्रश्नासकट पडद्यावर लिहून आलं होतं, त्यामुळे त्याला बरोबर कळलं. त्याने बराच विचार केला आणि दुसरं काही न सुचून 'बाटली' असं टाकलं. लेक हसून लोळायची बाकी राहिली. पुढे राजाच्या दरबारात पांढऱ्या दाढीचा प्रधान गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "हे शूर बाटली, राज्याची सारी भिस्त आता तुझ्यावर आहे." हे बोल खाली अक्षरांत उमटले. तो ते वाचून ताठ बसला.

पहिले काही दिवस नुसती बोंब होती. ती "उजवीकडे, उजवीकडे" म्हणायची आणि तो डावीकडच्या दरीत उडी घ्यायचा. ती "त्याला हात लावू नकोस" म्हणायची आणि तो झोपलेल्या राक्षसाला तलवार टोचायचा. नायक मेला की पडदा काळा व्हायचा, तेव्हा ती वळून त्याच्या तोंडासमोर येऊन ओरडायची. त्यामुळे तिचा एकेक धडा त्याच्यापर्यंत पोचायचा तो मेल्यावरच.

"नाव लाल दिसलं की पळायचं! लाल म्हणजे तो तुला एका फटक्यात झोपवणार. पळण्यात काही कमीपणा नाही. मोठे झालो की येऊ परत."

"वार करायला नंतर शीक. आधी वार चुकवायला शीक. तो हात मागे नेतो ना, तेव्हा बाजूला हो. बटण दाबत सुटलास म्हणजे लढाई होत नाही."

"एकाच गोष्टीत हुशार हो, बाबा. थोडी तलवार, थोडी जादू, थोडं धनुष्य असं केलंस तर ना धड शिपाई ना धड जादूगार."

तो मान हलवायचा, लक्षातही ठेवायचा. तलवारच घेतली त्याने, जादूच्या वाटेला गेला नाही. पण एक खोड काही केल्या सुटेना. गेममध्ये घराघरांत, पिंपांत, गुहांत रिकाम्या बाटल्या पडलेल्या असायच्या आणि तो त्या सगळ्या उचलायचा. ओझं इतकं व्हायचं की शूर बाटली गोगलगायीसारखा चालू लागायचा.

"टाक ना त्या! काही उपयोग नाही त्यांचा," लेक म्हणायची.

"रिकाम्या बाटल्या टाकायच्या नसतात," तो तिच्या हातवाऱ्यांवरून ओळखून म्हणायचा. "धुऊन परत भरता येतात."

भरलेल्या बाटल्यांचं तर विचारूच नका. जखम भरून आणणारं लाल औषध बाटलीत मिळायचं. ते तो पुढे कधीतरी लागेल म्हणून जपून ठेवायचा आणि झोळीत दुकानभर औषध असताना दोन लांडग्यांकडून मरायचा. "औषध पिण्यासाठी असतं," लेक काळ्या पडद्यासमोर उभी राहून सांगायची. "नवशिक्यांचं हेच होतं. शेवटच्या राक्षसासाठी ठेवतात आणि शेवटच्या राक्षसापर्यंत पोचतच नाहीत."

यात एक गोष्ट मात्र तिला चमत्कारिक वाटे. गेममधली माणसं जे बोलत ते त्याला अक्षरन् अक्षर ठाऊक असायचं. कुंभाराचा भाऊ उत्तरेला गेलाय, लोहाराची बायको त्याच्यावर रुसलीय, सरायवाला पुलाबद्दल खोटं बोलतोय, हे सगळं त्याला पाठ. तिनेच त्याला सांगितलं होतं की गावात शिरल्यावर प्रत्येकाशी बोलायचं, आणि एकदा बोलून झालं की पुन्हा जाऊन बोलायचं, कारण दुसऱ्या वेळी माणसं वेगळं काही सांगतात. हा एक धडा तो न मरता शिकला होता. एखाद्या भिकाऱ्याशीही तो चार-चार वेळा बोलायचा.

"माझं सोडून सगळ्या जगाचं ऐकतोस," ती एकदा वैतागून म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

मग ती नदीची गोष्ट झाली. त्या दुपारी सुट्टी होती. खेळातल्या गुहेत अंधार फार होता म्हणून तो सेटिंगमध्ये जाऊन पडदा उजळ करायला बघत होता. तिथे त्याच्याकडून दुसरंच बटण दाबलं गेलं आणि खालच्या ओळी बंद झाल्या. लेक तेव्हा फोनमध्ये होती. गुहेतून बाहेर नदी लागली, नदीवर होडी, होडीत एक म्हातारी चेटकीण. ती बोलू लागली. तिचे ओठ हलत होते, चेहऱ्यावर प्रश्न होता. खाली काहीच नाही. शेवटी तीन उत्तरं पुढे आली: हो, नाही, आधी नीट सांग.

त्याने 'हो' दाबलं. चेटकीण पुन्हा काही बोलली. त्याने 'हो' दाबलं. तिसऱ्यांदाही.

लेकीने मान वर केली तेव्हा घोडा गेला होता, तलवार गेली होती आणि शूर बाटली सात वर्षं चेटकिणीची चाकरी करायला बांधला गेला होता.

"बाबा! ती चक्क म्हणाली की घोडा दे, तलवार दे आणि माझा गुलाम हो. ऐकलं नाहीस?"

तो पडद्याकडे बघत होता. खालची जागा रिकामी होती हे तिला तेव्हा दिसलं. तिने एकदा त्या रिकाम्या जागेकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग प्लास्टरचा हात तोंडासमोर धरला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, मी कॉलेज सोडतेय. सर्कशीत जातेय."

त्याला कळलं की ती काहीतरी बोलली. "हो," तो म्हणाला. "बघू आपण."

तिने डाव्या हाताने कंट्रोलर ओढून घेतला, सेटिंग शोधलं, ओळी पुन्हा सुरू केल्या. नदीवर येण्याआधी खेळ सेव्ह केलेला होता, ही सवयही तिनेच लावली होती, की कुणा अनोळखी माणसाशी बोलण्याआधी सेव्ह करायचं. तिथपासून खेळ पुन्हा उघडला. म्हातारीचं बोलणं खाली उमटलं आणि त्याने ते वाचून ताबडतोब 'नाही' दाबलं. वर म्हणाला, "बाई फारच लबाड आहे."

ती उठून आपल्या खोलीत गेली आणि जेवणाच्या वेळीच बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला समोर बसवलं आणि सरळ विचारलं, तुला ऐकू येत नाही का. तो नाही म्हणाला. हे 'नाही' त्याच्या तोंडून इतक्या सहज आलं की तिची खात्रीच पटली. मग तिने वेगळा प्रश्न केला, "तुमच्या त्या यंत्रावर एवढा आवाज असायचा, तर तुम्ही बोलायचात कसं?"

त्याने मूठ वर केली. "हे म्हणजे थांब."

तळहात, कातरी, टोपी, सगळं त्याने दाखवलं. यंत्रावरच्या खुणा बऱ्याच होत्या आणि त्यातल्या कितीतरी त्याला आता दाखवता दाखवता आठवत होत्या. तिचा डावा हात मोकळा होता, तेवढा तिला पुरला. ती टीव्हीच्या बाजूला, त्याला दिसेल अशी स्टुलावर बसू लागली. मूठ म्हणजे थांब. तळहात खाली म्हणजे दबकत चल. कातरी म्हणजे पुढे सापळा आहे. कपाळावर हात म्हणजे साहेब आले, म्हणजे लाल नावाचा राक्षस, पळ. एका पाय ओढत चालणाऱ्या यंत्रदुरुस्तीवाल्याची एक खूण होती, ती त्यांनी दलदलीतल्या लंगड्या राक्षसाला दिली. बाटलीतलं औषध पिण्याची खूण कुणाला शिकवावी लागली नाही.

दलदलीतला तो लंगडा राक्षस त्यांनी पहिल्याच झटक्यात पाडला. होयबाने कंट्रोलर खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी पट्टा सुरळीत चालू असल्याची खूण केली. लेकीला ती माहीत नव्हती, पण कळली.

हे असं खोलीत चाललेलं असताना एका संध्याकाळी बायको शाळेतून आली आणि दारातच उभी राहिली. नवरा सोफ्यावर, मुलगी स्टुलावर, दोघं एक शब्द न बोलता हातवारे करतायत.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

लेकीने सांगून टाकलं. लपवण्यासारखं आता काय होतं, असं तिला वाटलं. आईला बरं वाटेल, इतक्या वर्षांचा एक उलगडा होईल, अशीही तिची समजूत होती. तसं झालं नाही. आईचा चेहरा घट्ट झाला. ती आत गेली आणि तिने नवऱ्याशी बोलणं बंद केलं.

ती बोलत नाही हे त्याच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. तेही लेकीने सांगितलं म्हणून.

तो स्वयंपाकघरात गेला. बायको भांडी घासत होती, नळ सुरू होता. त्याने नळ बंद केला आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर अशी ठेवली की तिला त्याच्याकडे तोंड करावंच लागावं.

"बोल," तो म्हणाला. "माझ्याकडे बघून बोल."

"काय बोलू? इतकी वर्षं बोललेच की."

"जे ऐकलं नाही ते बोल."

तिने ओले हात पुसले. मग वर्गात बोलते तशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "मला शाळेने नव्या शाखेची मुख्याध्यापिका व्हायला सांगितलं होतं. आठवतं?"

"तू नको म्हणालीस त्यांना."

"मी तुम्हाला विचारलं होतं. इथेच, भांडी घासताना. म्हटलं, घर, मुलगी, लांबचा प्रवास, नकोच ना घेऊ? तुम्ही म्हणालात, हो."

तो खुर्चीत बसला.

"मला वाटलं, ह्यांना मी पुढे जायला नकोय. ते 'हो' मी किती वर्षं उराशी धरून बसलेय. आणि तुम्हाला ते ऐकूच आलं नव्हतं!" तिचा आवाज चढला. "एकदा म्हणायचं होतं, काय म्हणालीस. दोन शब्द. दोन शब्दांनी काय तुमची अब्रू जाणार होती?"

"लोक हसतात," तो म्हणाला.

"मी हसले असते?"

तिने नळ पुन्हा सुरू केला. तो खुर्चीत बसून राहिला आणि ती भांडी घासत राहिली, पण या वेळी बाजूला वळून, म्हणजे तिचा चेहरा त्याला दिसत होता. त्या दिवशी एवढंच झालं.

पुढे कान तपासून झाले. तपासणाऱ्या बाईंनी एक आलेख दाखवला, त्यात एक रेघ पायऱ्यांसारखी उतरत जात होती. बारीक, उंच आवाज जवळजवळ गेलेत, त्या म्हणाल्या, जाड आवाज थोडे शिल्लक आहेत. दोन्ही कानांत यंत्रं बसली. पहिल्या दिवशी त्याला घर म्हणजे बाटल्यांचा पट्टा वाटला. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकायचा. फ्रिज रात्रंदिवस गुरगुरतो हे त्याला तेव्हाच कळलं आणि तो बिघडलाय अशी त्याची ठाम समजूत झाली. बायकोच्या चपलांचा आवाज त्याला ओळखू येऊ लागला. ती रागात असली की टाच जोरात टेकवते, हे त्याने लेकीला मोठ्या शोधासारखं सांगितलं. लेक म्हणाली, हे या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे.

यंत्रं तो सकाळी घालायचा आणि दुपारी डोकं दुखू लागलं की काढून खिशात टाकायचा. बायको यावर चिडायची. त्यांची भांडणं आधीपेक्षा वाढली, कारण आता त्याला ती ऐकू येत होती आणि तो उत्तर द्यायचा.

कारखान्यात त्याने मॅनेजरसाहेबांना कानांचं सांगितलं आणि त्यानंतर प्रत्येक गोष्ट दोनदा विचारू लागला. गाडी कुठली, माल किती, वेळ कोणती, पुन्हा सांगा. साहेबांच्या असं लक्षात आलं की आजवर त्यांच्या बऱ्याच सूचना मुळात अमलात आणण्यासारख्या नव्हत्या आणि त्या मदतनीस बाई गुपचूप दुरुस्त करत असत. हे लक्षात आल्याचा साहेबांना आनंद झाला नाही. त्या वर्षी होयबाच्या कामाबद्दल त्यांनी चांगला शेरा दिला नाही. यंत्रावर परत जाऊ का, असं त्याने विचारून बघितलं. पण कान तपासणाऱ्या बाईंनी तिथे पाऊलही टाकायचं नाही असं बजावलं होतं. तेव्हा तो त्याच काचेच्या खोलीत राहिला.

शाळेची नवी शाखा दुसऱ्या कुणीतरी चालवत होतं आणि चांगलं चालवत होतं. ती जागा पुन्हा आली नाही. बायकोने तो विषयही पुन्हा काढला नाही.

लेकीचं प्लास्टर निघालं. मनगट आखडलं होतं, म्हणून सुरुवातीला ती थोडा थोडा वेळ खेळायची आणि तो बाजूला स्टुलावर बसून सल्ले द्यायचा. तिला ते नको असत. "बाबा, मला येतं," ती म्हणायची. "हे गाव सोडून पुढे जाऊ दे आता." त्याचं म्हणणं, गावातल्या विहिरीवरच्या बाईशी अजून बोलणं झालेलं नाही. शेवटी तिने त्याला वेगळा, पहिल्यापासूनचा खेळ उघडून दिला. रविवारी सकाळी ती झोपलेली असताना तो एकटाच खेळू लागला, आवाज अगदी बारीक ठेवून. बायको समोर मुलांच्या वह्या तपासत बसायची आणि मधून मधून मान वर करून विचारायची, "हा कोण आता?" तो नीट सांगायचा, तो कोण, कुठून आला, कशासाठी रडतोय. ती पुन्हा वहीत डोकं घालायची.

पुढच्या वर्षी लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. सामान न्यायला एक छोटी गाडी केली होती. खेळाचं यंत्र तिच्याच मालकीचं, तेही खोक्यात गेलं. तुला घेऊ का दुसरं, असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, नको. मग ती गाडीत चढली, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि तिने खिडकीची काच खाली करून काहीतरी सांगितलं.

इंजिनचा आवाज कानातल्या यंत्रात शिरून सगळा गोंगाट झाला होता. त्याने हात वर केला. "काय?"

तिने पुन्हा सांगितलं.

"काय म्हणालीस? पुन्हा सांग!"

तिने तिसऱ्यांदा सांगितलं, हाताने घराकडे दाखवत. गाडी हलली आणि कोपऱ्यावरून वळून गेली. बायकोलाही नीट ऐकू आलं नव्हतं. तिला वाटलं, 'काळजी करू नका' असं काहीतरी असावं. त्यालाही तसंच वाटलं. दोघं वर आली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा कळलं की ती म्हणत होती, लॅपटॉपचा चार्जर टेबलावर राहिलाय. तो तिथेच होता, दिव्याशेजारी. दुसऱ्या दिवशी त्याने तो कुरियरने पाठवून दिला.